आनंदाचा डबा

दर जुलैत आमच्या रोटरी क्लबची नवी डिरेक्टरी निघते. जाडीला ती बँकेच्या पासबुकाएवढी, पण घरोघरी तिची जागा पंचांगाशेजारी. प्रत्येक पानावर दोन सभासद, एक वर आणि एक खाली. फोटोत सगळ्यांनी काळा कोट घातलेला असतो, आणि जरा निरखून पाहिलं तर तो सगळ्यांनी मिळून एकच घातलेला असतो. गावातला फोटो स्टुडिओ आमच्याच एका सभासदाचा आहे आणि तिथल्या खुंटीवर हा कोट वर्षानुवर्षं टांगलेला आहे. खतवाल्यांच्या अंगात तो तटतटतो, वकीलसाहेबांच्या खांद्यांवरून घरंगळतो, आणि भूलतज्ज्ञ डॉक्टरांना मात्र असा बसतो, की शिंप्यानं त्यांचंच माप घेतलं असावं. फोटोखाली नाव, व्यवसाय, रक्तगट, जन्मतारीख आणि लग्नाची तारीख. लग्नाच्या तारखेपुढे साल असतं, जन्मतारखेपुढे नसतं. हा भेद कुणी आणि कधी ठरवला, याची नोंद कुठल्याही इतिवृत्तात नाही. संसार किती वर्षं टिकवला हे मिरवावं आणि त्यात आपण किती झिजलो हे झाकावं, एवढा शहाणपणा मात्र त्यामागे दिसतो.

साल झाकलं तरी डिरेक्टरीत एक गोष्ट लपत नाही. साठीपुढच्या बहुतेक सभासदांचा जन्म १ जूनचा आहे. परप्रांतातून बदलून आलेल्या एका बँक मॅनेजरांनी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा त्यांना तो छापखान्याचा घोटाळा वाटला होता. त्यांना मास्तर ठाऊक नव्हते. शाळेत नाव घालायला आलेल्या आईला मास्तर विचारत, पोराचा जन्म कधीचा? ती सांगे, मोठा पूर आला त्या साली, भातं पिवळी पडली होती. मास्तर पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावत, हात कानाला टेकला की वय पुरलं असं समजत, आणि दौतीत टाक बुडवून १ जून लिहून टाकत. शाळा जूनमध्ये उघडे, म्हणून पोरंही जूनमध्येच जन्मली. महाराष्ट्रातली एक अख्खी पिढी अशी मास्तरांच्या अक्षरात, एकाच सकाळी जन्माला आली आहे. त्यामुळे जूनच्या पहिल्या सभेत आमच्याकडे केक एक असतो, सुरी एक असते आणि तिच्यावर सात-आठ सुरकुतलेले हात असतात. कोणाचा हात कापतो आहे आणि कोणाचा नुसता टेकला आहे हे ओळखू येत नाही. सगळे मिळून ते जगप्रसिद्ध इंग्रजी गाणं म्हणतात, आमच्या चालीत ते थोडं आरतीकडे झुकतं, आणि नावाच्या जागी सगळ्यांची नावं एका दमात बसवताना चाल मोडून पडते. टाळ्या थांबल्या की कापडवाले शेटजी शेजारच्याच्या कानात सांगतात, "माझा खरा नागपंचमीचा." नागपंचमीच्या आठवड्यात त्यांना पुन्हा शुभेच्छा मिळतात.

यातली खरी गंमत पुढे आहे. आमच्या सभेत एक चार प्रश्नांची चाचणी सगळे उभे राहून म्हणतात. हर्बर्ट टेलर नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी १९३२ मध्ये ती लिहिली. अ‍ॅल्युमिनियमची भांडी विकणारी एक कंपनी बुडायला आली होती, ती वर काढायची जबाबदारी त्यांच्यावर होती, आणि त्यांनी स्वतःपुढे आणि कामगारांपुढे चार प्रश्न ठेवले. त्यांतला पहिलाच प्रश्न, जे बोलतो किंवा करतो ते सत्य आहे का, असा आहे. दर १ जूनच्या आसपास आम्ही हा प्रश्न खड्या आवाजात विचारतो आणि लगेच सात-आठ खोट्या जन्मतारखांचा सत्कार करतो. उरलेले तीन प्रश्न, म्हणजे सगळ्यांना न्याय्य आहे का, त्यानं स्नेह वाढेल का, त्यात सगळ्यांचं भलं आहे का, यांत हे वाढदिवस पैकीच्या पैकी गुण मिळवतात. चारांत तीन म्हणजे पंचाहत्तर टक्के. डिस्टिंक्शन!

आमची सभा गुरुवारी रात्री भरते. अध्यक्ष गळ्यात पट्टा घालतात, पितळी घंटेवर हातोडी पडते, राष्ट्रगीत होतं, सेक्रेटरी सूचना वाचतात, आणि मग पाहुण्यांच्या भाषणाआधी सभासद वार्ता असते. टेबलावर बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा फिरतो. त्याच्या झाकणाला फॅब्रिकेशनवाल्या सभासदानं फट पाडून दिली आहे. ज्याच्याकडे चांगली बातमी असेल त्यानं उभं राहून ती सांगायची आणि डब्यात पैसे टाकायचे. अमेरिकेतल्या पुष्कळ क्लबांत हीच रीत डॉलरमध्ये चालते. शेजारच्या लायन्स क्लबची रीत जरा कडक आहे. त्यांच्याकडे टेल ट्विस्टर, म्हणजे शेपूट पिळणारा, असा एक अधिकृत पदाधिकारीच असतो आणि तो सभासदांना किरकोळ कारणांवरून किरकोळ दंड करतो. आम्ही दंड करत नाही, आम्ही सुखावर कर घेतो. कराचे दर कुठे लिहिलेले नाहीत, पण लोकमत पक्कं आहे. मुलाला नोकरी लागली तर शंभर, आणि पगाराचा आकडा सांगितला तर दोनशे. नातवंड झालं तर हात सैल सोडायचा. मुलगी परदेशी शिकायला निघाली असेल तर मागच्या रांगेतून "डॉलरमध्ये टाका" असा आवाज हमखास येतो. एकदा एका सभासदानं आपला गुडघा बदलल्याची बातमी काठी न घेता उभं राहून दिली आणि शंभर टाकले. लगेच हाडांचे डॉक्टर उठले. तेही सभासद, आणि गुडघा त्यांनीच बदललेला. त्यांनीही शंभर टाकले. एकाच गुडघ्यावर दोन टोकांनी आनंद झाल्याची आमच्याकडे ती पहिलीच नोंद.

वर्षाअखेर डबा उघडतात आणि त्या पैशांच्या वह्या जिल्हा परिषदेच्या शाळेत जातात. तिसरीतली एखादी मुलगी ज्या पानावर सातचा पाढा लिहिते ते पान कोणाच्या तरी पित्ताशयातल्या खड्याच्या सुखरूप निघण्यातून आलेलं असतं. तिला हे कोणी सांगत नाही, आणि ते बरंच आहे.

बाहेरच्या माणसाला वाटतं, हे लोक सेवा करायला जमतात आणि जाता जाता चार घरगुती गोष्टी बोलतात. माझा संशय उलटा आहे, आणि इतिहास माझ्या बाजूनं आहे असं मला वाटतं. पॉल हॅरिस नावाचा तरुण वकील १८९६ मध्ये शिकागोत आला. लहानपण आजी-आजोबांकडे, व्हरमाँटमधल्या वॉलिंगफर्ड नावाच्या छोट्या गावात गेलेलं. अशा गावात माणूस रस्त्यानं चालला की त्याला चार जण हटकतात. शिकागोत कोणी हटकेना. १९०० साली एका वकील मित्रानं त्याला घरी जेवायला बोलावलं आणि जेवणानंतर आपल्या उपनगरातून फिरवून आणलं. मित्र वाटेतल्या दुकानदारांना नावानं हाक मारत होता, तेही त्याला ओळखत होते, थांबून बोलत होते. हॅरिसच्या मनात ते राहून गेलं. त्यातून क्लब काढायला पुढे पाच वर्षं गेली. वकील माणूस, तारीख पडायला वेळ लागायचाच.

२३ फेब्रुवारी १९०५ ला युनिटी बिल्डिंगमधल्या ७११ क्रमांकाच्या खोलीत चौघं जमले. एक वकील, एक खाण-अभियंता, एक कोळशाचे व्यापारी आणि एक शिंपी. खोली गुस्टावस लोअर या खाण-अभियंत्याची. पुढच्या बैठका आळीपाळीनं एकेकाच्या जागी भरायच्या ठरल्या आणि त्या फिरतीवरूनच क्लबला नाव पडलं. लवकरच हॅरी रगल्स नावाचे मुद्रक आले आणि त्यांनी सभेत गाणी सुरू केली, म्हणजे आमच्या जूनमधल्या बेसूरपणाला तिकडून परंपरा आहे. सेवेचा मात्र या सगळ्यात पत्ता नव्हता. एकमेकांशी बोलायचं, एकमेकांकडून माल घ्यायचा आणि दर वेळी नव्या खोलीत भेटायचं, एवढाच उद्योग. समाजासाठी काही करावं हे दोनेक वर्षांनी सुचलं, आणि जे पहिलं मोठं काम अंगावर घेतलं ते शिकागोच्या भर वस्तीत सार्वजनिक शौचालयं व्हावीत म्हणून खटपट करण्याचं. आज जगभर पसरलेल्या या संस्थेच्या सेवाकार्याची गंगोत्री तिथे आहे. ही गोष्ट आमच्या पदग्रहणाच्या भाषणांत फारशी येत नाही.

त्या पहिल्या चौघांतले लोअर आणि शिंपी हायरम शोरी थोड्याच काळात बाहेर पडले. कोळशाचे व्यापारी सिल्व्हेस्टर शीली क्लबचे पहिले अध्यक्ष झाले आणि हॅरिसचे जन्माचे मित्र राहिले. दोघांची घरंही पुढे जवळजवळ होती आणि शिकागोच्या माउंट होप दफनभूमीत दोघांच्या कबरीही एकमेकांपासून लांब नाहीत. त्या पहिल्या रात्री चौघं काय बोलले असतील, याचा मी कधी कधी विचार करतो. जगाचा विचार नक्कीच नसावा. कोळशाचा भाव काय निघाला, कुठल्या गिऱ्हाइकाचं पोट दोन मापांच्या मध्ये सुटलं, घरून पत्र आलं का. म्हणजे आमच्या डब्यातल्याच वार्ता, फक्त डबा नव्हता.

आमचे खतवाले मुलाकडे न्यू जर्सीला गेले होते तेव्हा हॅरिसची ही गोष्ट त्यांनी तिकडे जगून पाहिली. मुलगा-सून सकाळी कामावर, नातू शाळेत, आणि हे खिडकीत. रस्ता गुळगुळीत, झाडं देखणी, माणूस औषधाला नाही. इकडे त्यांच्या दुकानाच्या पायरीवर सकाळपासून दहा माणसं नुसती बसायला येतात. शेवटी मुलानं शोध घेऊन त्यांना जवळच्या रोटरी क्लबच्या सकाळच्या नाश्त्याच्या सभेला नेऊन सोडलं. आमच्याकडे हजेरीचे नियम पूर्वी मोठे कडक होते. लागोपाठ चार सभा चुकल्या तर सभासदत्व जाऊ शकत असे, म्हणून परगावी गेलेला माणूस तिथल्या क्लबात बसून आपली हजेरी भरून काढी. २०१६ पासून नियम सैल झाले, आठवड्याऐवजी महिन्यातून दोनदा भेटलं तरी चालतं. पण खतवाले जुन्या वळणाचे. तिथेही डबा फिरला. हे उभे राहिले आणि आपल्या बाजारपेठी इंग्रजीत म्हणाले, की आल्यापासून या गावात मला रस्त्यावर चालताना कोणी दिसलं नव्हतं, आज एकदम तीस माणसं बसलेली दिसली, त्याचा हा एक डॉलर. म्हणे सगळे खूप हसले आणि मग दोघा म्हाताऱ्यांनी त्यांना आळीपाळीनं गाडीतून फिरवलं. येताना ते त्या क्लबचा छोटा रेशमी झेंडा घेऊन आले. आमचा, उसाचं चित्र असलेला, तिकडे देऊन आले. न्यू जर्सीतल्या एखाद्या भिंतीवर आमचा ऊस आज लटकत असेल, आणि तो बांबू आहे असं तिकडे वाटत असेल.

भारतात रोटरी १९२० मध्ये कोलकात्यात आली, १९२९ मध्ये मुंबईत, आणि मग साखर कारखाना, कॉलेज, बँकेची शाखा यांच्या मागोमाग आमच्यासारख्या तालुक्याच्या गावांत. येताना ती आपलं सामान सगळं घेऊन आली. एका धंद्याचा एकच माणूस घ्यायचा हा जुना दंडकही त्यात होता. समोरासमोर बसून एकमेकांचं गिऱ्हाईक तोडू नये, हा त्यातला हेतू. म्हणून आमच्यात माणसाची ओळख आधी धंद्यानं होते. एक मेडिकल दुकानवाले क्लबात येऊ पाहत होते तेव्हा ती जागा भरलेली होती, तर त्यांना 'पशुऔषधे' या सदरात घेतलं. ते माणसांचीच औषधं विकतात. पण गावातल्या म्हशींनी हरकत घेतली नाही.

सामानात आणखी एक गाठोडं होतं. १९१४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून ह्यूस्टनच्या अधिवेशनाला निघालेल्या रोटरीयनांच्या खास गाडीत अ‍ॅन ब्रुनियर नावाच्या एका सभासदाच्या पत्नी होत्या. प्रवासात मंडळींनी कौतुकानं त्यांचं नाव रोटरी अ‍ॅन पाडलं. गाडी पोहोचली, अधिवेशन संपलं, पण नाव काही उतरलं नाही. ते बोटीत बसून इकडे आलं आणि भारतातल्या क्लबांत सभासदांच्या पत्नी सरसकट अ‍ॅन झाल्या, मुलं अ‍ॅनेट झाली. आमच्या गावात नऊवारी नेसणाऱ्या, संकष्टीला चंद्र बघितल्याशिवाय पाणी न पिणाऱ्या अ‍ॅन होऊन गेल्या. सेक्रेटरी माइकवरून सांगत, "अ‍ॅन मंडळींचा हळदीकुंकू समारंभ रथसप्तमीला," आणि यात कोणाला काही वेगळं वाटत नसे. १९८९ मध्ये जगभरच्या क्लबांची दारं स्त्रियांना सभासद म्हणून उघडली. आमच्याकडे त्या वाऱ्यानं यायला बराच वेळ घेतला, पण आला. दंतवैद्य बाई पहिल्या स्त्री अध्यक्ष झाल्या तेव्हा त्यांच्या यजमानांना काय म्हणायचं हा पेच पडला. ते हौशीनं दर सभेला येत, सतरंज्या उचलायला मदत करत. कोणीतरी म्हणालं, बायको अ‍ॅन तर नवरा अण्णा. तेव्हापासून गावात ते अण्णा आहेत. त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठी माणसं त्यांना अण्णा म्हणतात आणि तेही आता हाकेला गंभीरपणे ओ देतात.

घड्याळवाल्यांबद्दल मात्र जरा थांबून सांगायला हवं. घड्याळदुरुस्तीच्या जागेसाठी आमच्याकडे एके काळी चढाओढ होती. आता त्या जागेवर कोणी डोळा ठेवत नाही. हे आमचे घड्याळवाले अविवाहित, म्हणजे लग्नाचा वाढदिवस नाही. जन्म १ जूनचा, म्हणजे केकभोवतीच्या गर्दीत एक हात. मुलं, नातवंडं, परदेशवारी, काहीच नाही. गुडघेसुद्धा ठणठणीत. वार्तेच्या बाजारात मांडावं असं त्यांच्याकडे काहीच नव्हतं. दुसऱ्यांच्या बातम्यांना ते टाळ्या वाजवत, त्याही अगदी ठेक्यात. आणि मग एका गुरुवारी ते उभे राहिले. खिशातून दहाची नोट काढून घडी उलगडत म्हणाले, "आज दुकानात एक मुलगा आला. आजोबांचं एचएमटी घेऊन. चावीचं. म्हणाला, विकायचं नाही, चालू करून द्या." आणि बसले.

सभेला कळेना, यावर टाळ्या वाजवायच्या की काय करायचं. ही वार्ता कुठल्याच दरपत्रकात बसत नव्हती. मग बँक मॅनेजरांनी सुरुवात केली आणि सगळ्यांनी वाजवल्या. पुढच्या गुरुवारी कोणीतरी विचारलं, "मग? चाललं का?" घड्याळवाले पुन्हा उभे राहिले. एक सुटा भाग मिळत नव्हता. त्याच्या पुढच्या गुरुवारी तो त्यांच्याच एका जुन्या खणात सापडला होता, दहा रुपये. मग घड्याळ चाललं, पण दिवसाला सात मिनिटं पुढे जात होतं. मग चार मिनिटं. पावसाचे गुरुवार होते, पाहुणे वक्ते मिळत नव्हते, आणि आमच्या सभेला लोक त्या वर्षीइतके वेळेवर माझ्या आठवणीत कधी आले नव्हते. एकदा ते तापानं आले नाहीत तर अध्यक्षांनी वार्ता पुकारताच मागच्या रांगेतून आवाज आला, "किती मिनिटं राहिली, कोणाला ठाऊक आहे का?" कोणालाच ठाऊक नव्हतं. सभा त्या दिवशी लवकर संपली. ते एचएमटी शेवटी लागलं, मुलगा घेऊन गेला, घड्याळवाल्यांनी पन्नास टाकले. आता त्यांच्याकडे दर आठवड्याला काहीतरी असतं. कोणाचं तरी बंद पडलेलं भिंतीवरचं घड्याळ, तिसऱ्या ठोक्याला अडकणारं. लोक घरी जाऊन माळे धुंडाळतात आणि घड्याळं शोधून त्यांच्याकडे नेऊन देतात, म्हणजे पुढच्या गुरुवारी आपलं नाव येईल.

क्लबचं चार पानी मुखपत्र मुद्रक सभासदाच्या छापखान्यात निघतं. त्याचे संपादक निवृत्त मुख्याध्यापक आहेत आणि संपादकीय मूल्यांच्या बाबतीत ते कोणाचं ऐकत नाहीत. २७ मार्च २०१४ ला भारत पोलिओमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र मिळालं. देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ ला पश्चिम बंगालमध्ये हावड्यात सापडला होता, त्यानंतर तीन वर्षं एकही नाही. रोटरीनं १९८५ मध्ये पोलिओचं काम जगभर हाती घेतलं होतं, आणि आमची माणसंही वर्षानुवर्षं रविवारच्या उन्हात एसटी स्टँडवर बर्फाचे डबे घेऊन उभी राहिली होती, बाळांच्या करंगळीवर शाईची खूण करत. त्यामुळे त्या महिन्याचा अंक कसा निघतो याची सगळ्यांना उत्सुकता. अंक आला. पहिल्या पानावर कापडवाले शेटजींच्या मुलीचा साखरपुडा, रंगीत फोटोसकट. पोलिओ तिसऱ्या पानावर. थोडी कुजबुज झाली तेव्हा संपादक शांतपणे म्हणाले, "पोलिओची बातमी सगळ्या पेपरांत आली आहे. साखरपुड्याची कुठे आली आहे का?"

यावर अजून कोणाला उत्तर सुचलेलं नाही.

२०२० मध्ये सभा मोबाइलच्या पडद्यावर भरू लागली. पाहुणे नव्हते, सभेनंतरची पिठलं-भाकरी नव्हती, पण वार्ता होत्या, आणि त्या अगदी लहान होत गेल्या. रिपोर्ट निगेटिव्ह आला. आई आज दोन घास जेवली. मुलाचा फोन लागला. सिमेंटवाले, एरवी बंगल्याच्या वास्तुशांतीशिवाय काही न सांगणारे, एका रात्री म्हणाले, "आज हिंगाचा वास आला." घरात फोडणी पडली होती आणि त्यांना ती कळली होती. पडद्यावरच्या चौकोनांत सगळे टाळ्या वाजवताना दिसत होते, आवाज कोणाचाच येत नव्हता. डबा फिरवणं शक्य नव्हतं म्हणून कोणी किती कबूल केले ते सेक्रेटरी वहीत लिहून ठेवत आणि नंतर स्कूटरवरून गोळा करत. दोन नावांपुढची बाकी मागायला जायचं राहिलंच नाही. ती त्यांनी आपल्या खिशातून टाकली.

आता ग्रुप आहे. बातमी गुरुवारपर्यंत थांबत नाही. नातू झाला की पहाटे पाचला फोटो येतो आणि सहापर्यंत त्याखाली गुलाबांचा ढीग. तरी गुरुवारी तोच आजोबा उभा राहतो, तीच बातमी पहिल्यापासून सांगतो, वजन किलोग्रॅममध्ये आणि नाक कोणासारखं ते सविस्तर, आणि ज्यांनी पहाटे गुलाब पाठवले तेच "अरे वा!" म्हणतात, तेही अगदी मनापासून. बातमी कळणं आणि ती सांगू देणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे आमच्यात कोणी कधी बोललं नाही, पण पाळतात सगळे.

या सगळ्यात बिचारे पाहुणे वक्ते ताटकळतात. गेल्या जूनमध्ये कृषी महाविद्यालयातले मृदाशास्त्राचे प्राध्यापक आले होते. विषय, उसाच्या पाण्यानं खारावत चाललेली नदीकाठची जमीन. आमच्या भागात हा जिव्हाळ्याचा विषय, कारण निम्मे सभासद बागाईतदारही आहेत. प्राध्यापकांनी मातीचे नमुने काचेच्या बरण्यांत आणले होते आणि त्या टेबलावर ओळीनं मांडल्या होत्या, बाजूला डबा. पण दहावीचे निकाल नुकतेच लागलेले. नात, पुतण्या, भाचा, दुकानातल्या पोऱ्याची बहीण, आणि वकीलसाहेबांच्या अशिलाची मुलगीसुद्धा. टक्केवारी दशांशासह सांगितली जात होती. प्राध्यापक घड्याळ पाहत होते, मग बरण्यांकडे, मग डब्याकडे. अखेर त्यांचं नाव पुकारलं. ते माइकपाशी आले, खिशात हात घातला, शंभराची नोट काढली आणि म्हणाले, "मी सभासद नाही, चालेल का? माझ्या मुलीला नव्वद टक्के पडले. सकाळपासून प्रवासात आहे, कोणाला सांगायलाच मिळालं नाही."

त्यानंतर ते जमिनीतल्या क्षारांवर, निचऱ्यावर आणि सेंद्रिय कर्बावर फार चांगलं बोलले. शेवटी प्रश्न विचारायला सांगितलं तेव्हा निचऱ्याच्या पाइपला अनुदान मिळतं का, असा एक प्रश्न खतवाल्यांनी विचारला. बाकीचे सगळे प्रश्न मुलीनं सायन्स घ्यावं की कॉमर्स, यावर होते. भूलतज्ज्ञ म्हणाले सायन्स, सीए म्हणाले कॉमर्स, मुख्याध्यापक म्हणाले आधी मुलीला विचारा, आणि अण्णांनी ताटं मांडली तरी वाद मिटला नव्हता.